आंब्याच्या मुळाशी अळंबं आलंय, वर चढू की नको?

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतो:

"काका, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय २६. बाबा पाडेली होते, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मी सोळाव्या वर्षापासून माडावर चढतोय. दोन वर्षं झाली आंबा-फणसाच्या फांद्या मारायची कामं पण घेतो, खाली एक मित्र असतो, एक चेनसॉ आहे. आत्तापर्यंत सुंभ नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातली निळी दोरी कमरेला बांधून काम केलं. आता एकजण हॉटेलांच्या बाहेरच्या भिंती रंगवायचं काम सोडतोय, तो त्याचा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि दोरी स्वस्तात देतो म्हणतो, घेऊ का? दुसरं, सत्तरी तालुक्यात एका भाटकाराच्या (भाटाच्या म्हणजे बागायतीच्या मालकाच्या) घरामागे जुना आंबा आहे, बुंध्याला तपकिरी चकचकीत अळंबं आलंय, पण वर झाड हिरवंगार, यंदा आंबे पण लागले. पावसाआधी कौलांवरच्या फांद्या मार आणि शेंडा पण उतरव म्हणतात, पैसे चांगले देतायत. तिसरं, बुटांना खिळे लावून माडावर भराभर चढता येतं म्हणतात, ते बरं का? आई म्हणते हे काम सोड. काय करू?"

बाबा रे, तू हार्नेसचं पहिलं विचारलंस आणि आंब्याचं नंतर, मी आधी आंब्याचं सांगतो कारण ते काम तू कदाचित ह्याच आठवड्यात करायला जाशील. त्या आंब्यावर चढू नकोस. जगातली सगळ्यात भारी दोरी आणून दिली तरी चढू नकोस, कारण ती दोरी तू त्याच झाडाला बांधणार आहेस ना.

अळंबं म्हटलं की आपल्याकडे पावसातली रोयणीवरची (वारुळावरची) अळमी आठवतात आणि माणसाला चांगलंच वाटतं, पण लाकडातून फुटलेलं अळंबं म्हणजे आत मेजवानी चालू आहे आणि जेवतोय तो बुरशीचा जीव. तू वर्णन केलंयस तसं तपकिरी-तांबूस, वरून वार्निश मारल्यासारखं चकचकीत, कडेला पांढरी किनार, हाताला लाकडासारखं कडक असेल तर ते बहुतेक गॅनोडर्मा. ही बुरशी मुळं आणि बुंध्याचा खालचा भाग खाते आणि बाहेर अळंबं दिसायला लागतं तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं, कधी कधी कित्येक वर्षांचं. आता तू म्हणशील झाड हिरवं कसं मग. पाणी वर नेतं ते सालीखालचं बाहेरचं कोवळं लाकूड, झाडाला उभं धरतात ती खालची जाड मुळं आणि बुंधा. आतून बुंधा भुसभुशीत झाला तरी बाहेरच्या पट्ट्यातून पाणी जात राहतं, पानं हिरवी राहतात, आंबे पण लागतात. म्हणून पानांकडे बघून मुळांचं काही कळत नाही, आणि भाटकाराला राग आला तरी त्याला हे समजावून सांगायचं काम तुझंच आहे.

जाऊन तपासायचं असेल तर जमिनीवर उभं राहून तपास. एक लाकडी हातोडा घे, बुंध्याला चारी बाजूंनी वर-खाली ठोकत जा, निरोगी लाकूड टणक वाजतं, पोकळ जागा ढोलासारखी वाजते, दोन-चार झाडांवर ठोकून बघितलंस की कान तयार होतो. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन मुळांच्या मधल्या खोबणीत आणि अळंब्याच्या आजूबाजूला खुपसून बघ, सहज आत गेला तर समज. मुळांच्या एका बाजूला मातीला भेग पडलीय का, झाड हल्ली कलायला लागलंय का हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, त्यांना रोज बघून आठवत असतं. पण एक लक्षात ठेव, ठोकून चांगला आवाज आला म्हणून मुळं चांगली आहेत असं नाही, मुळं जमिनीखाली आहेत, तिथे हातोडा पोचत नाही. आणि हे सगळं मे महिन्यात, माती कोरडी कडक असताना. मृगाचे चार-पाच जोरदार पाऊस झाले की माती मऊ पडते आणि मुळांची उरलीसुरली पकड तिथेच सुटते, दरवर्षी जूनमध्ये पहिल्या वाऱ्यात झाडं का पडतात त्याचं मोठं कारण हेच.

आणखी एक हिशोब आहे जो कुणी सांगत नाही. तू दोरी वरच्या फांदीवरून टाकून दोन्ही टोकं स्वतःकडे घेतलीस तर फांदीवर तुझं वजन येतं तेवढंच. पण दोरीचं एक टोक खाली बुंध्याला बांधून दुसऱ्यावर चढलास तर फांदीवर वजन जवळजवळ दुप्पट येतं, एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला तुला धरून ठेवणारा तेवढाच ताण. तू आणि सामान मिळून ८० किलो असाल तर फांदीवर १६०. कापलेला ओंडका त्याच फांदीवरून दोरीने धरून खाली सोडायला लागलात आणि तो झटक्याने थांबला तर त्याहून कितीतरी जास्त. कुजक्या झाडाला हे सगळं कुठून झेपणार.

मला ह्या विषयावर एवढं तळमळून लिहावंसं वाटतं त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली, बार्देशात एका घराजवळच्या आंब्याचं काम होतं, मी खाली होतो. वर गेलेला मुलगा माझ्यापेक्षा हुशार, दोरी नवीन, गाठ पक्की, हेल्मेट होतं. दोरी घातली ती फांदी भिरुडाने आतून पोखरलेली होती. आंबेवाल्या माणसाला भिरूड माहीत असतो, तो मोठ्या मिशांचा भुंगा, त्याची अळी फांदीच्या आत बोगदे करत जाते आणि भोकातून लाकडाचा भुसा बाहेर टाकते. तो भुसा सकाळी मी खाली पाचोळ्यावर बघितला होता. बघितला आणि बोललो नाही, वाटलं वर गेल्यावर त्याला दिसेलच. फांदी दोरीसकट खाली आली, त्याच्या दोन्ही टाचा आणि पाठीचा एक मणका गेला. तो आज चालतो, पण झाडावर परत कधी चढला नाही. त्या दिवसापासून मी कुठलंही झाड असलं तरी आधी पंधरा मिनिटं भोवती फिरतो, वर नाही, खाली बघत. भुसा, डिंक, अळंबं, मुंग्यांची रांग, सालीला पडलेली उभी चीर, सगळं आधी खाली दिसतं.

मग वर बघायचं. बांडगूळ आहे का बघ, जिथे बांडगूळ धरलंय त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळत जाते आणि बांडगुळाच्या हिरव्या पानांत ती वाळकी फांदी लपून राहते, माणूस हिरवं बघून पाय ठेवतो. दोन जाड फांद्या अगदी चिकटून वर गेल्यात आणि मधे साल आत घुसलीय असा चिमटा असेल तर त्या जागेवर दोरी घालू नकोस, तो जोड दिसतो तेवढा पक्का नसतो. पूर्वी कुणीतरी अर्धी फांदी मारून खुंट ठेवलाय तिथून कूज आत उतरलेली असते. पावसात फणस-आंब्याच्या फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी रंग मारल्यासारखी बुरशी दिसते, त्या रोगाची फांदी पण पुढे वाळते.

आता भाटकाराला सांगायचं काय. सरळ सांग की झाड मुळातून गेलंय असा संशय आहे, मी चढणार नाही, पण काम होऊ शकतं. बाहेरून बास्केटवाली क्रेन आणून घरावरच्या फांद्या उतरवता येतात, माणूस झाडाला लागत नाही. नाहीतर झाडच काढायचं, त्याला गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या ट्री ऑफिसरची परवानगी लागते, ती त्याने काढायची, अळंब्याचे आणि मातीच्या भेगेचे फोटो अर्जाला जोडायचे. घरातल्या माणसांनी तोपर्यंत त्या बाजूच्या खोलीत झोपू नये हे पण सांग, हे सांगायला विसरू नकोस. आणि शेंडा उतरवायचं म्हणतात ते निरोगी आंब्यालासुद्धा करू नकोस. शेंडा उडवला की खालून झाडूसारखे पाच-पन्नास फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांत जड होतात आणि वाऱ्यात तुटून त्याच कौलांवर पडतात, शिवाय एवढ्या मोठ्या उघड्या जखमेतून कूज सरळ खोडात उतरते.

माडाला खिळ्यांचे बूट? अजिबात नको. ह्याच्यामागची गोष्ट नीट समजून घे कारण पाडेलीच्या मुलाला ती माहीत असायला हवी. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो म्हणून वनखात्यातले संशोधक होते, त्यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आत जखमेचं काय होतं ते बघितलं आणि १९७७ मध्ये मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करून त्याला कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवत जातं. आंबा, फणस हे करू शकतात कारण सालीखाली त्यांचा वाढणारा थर असतो. माडाला तो थरच नाही. माड हा गवत-बांबूच्या जवळचा, त्याचं खोड एकदा तयार झालं की झालं, त्यावर नवीन लाकूड चढत नाही. म्हणून जुन्या माडांवर कोयत्याने मारलेल्या खाचा तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा तशाच दिसतात, तू रोज बघतोस. तुझ्या खिळ्याचं प्रत्येक भोक त्या माडाला मरेपर्यंत राहणार. त्यातून बुरशी आत जाते, खोडाला चिरा पडून तांबडा-तपकिरी रस गळतो आणि वाळून काळा पडतो तो रोग असाच आत शिरतो. आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो आत अंडी घालतो, अळ्या खोड आतून खातात. एका रोगट माडावर खिळे रोवून तेच बूट घालून दुसऱ्या माडावर गेलास तर रोग तूच पोचवलास.

तुझ्या जिवाच्या बाजूनेही माड वाचायला शीक. माडाची ताकद खोडाच्या बाहेरच्या कडक भागात असते, मधला गाभा मऊ, म्हणून बाहेरून कुजलेला, रस गळणारा पट्टा असेल तर माड दिसतो त्याहून कमजोर. खोडाला भोकं, त्यातून तपकिरी रस आणि चावलेल्या काथ्यासारखा चोथा बाहेर आलाय, कान लावल्यावर आत कुरकुर ऐकू येतेय, तो सोंड्या. अशा माडाचा शेंडा एकाएकी मोडून खाली येतो आणि तू तिथेच बसलेला असशील. मधला कोवळा कोंब पिवळा-तपकिरी पडलाय, ओढला तर हातात येतो आणि सडका वास मारतो, तो कोंब कुजव्या, पावसाळ्यात जास्त. पानं कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात तो गेंड्या भुंगा, त्याने माड लगेच पडत नाही पण त्याच्या भोकातून सोंड्याला वाट मिळते. वीज पडलेल्या किंवा मेलेल्या माडावर कधीच नाही, कितीही पैसे देवोत. कुठला रोग ते कळलं नाही तर फोटो काढून तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखव नाहीतर जुन्या गोव्याला एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे तिथे घेऊन जा.

भराभर चढायचंच असेल तर पायांनी चढायचं यंत्र घे, केरळातून आलेलं, दोन पायांना दोन लोखंडी भाग आणि खोडाभोवती वायरचा फास असतो. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात ह्याच यंत्रावर तरुण मुलामुलींना माडावर चढायचं शिक्षण दिलं. खोडाला भोक पडत नाही. पण बऱ्याच यंत्रांना नुसती पायांची सोय असते, पाय सटकला तर धरायला काही नसतं, म्हणून खोडाभोवतीचा पट्टा आणि कमरेचा बेल्ट वेगळा लावायचा आणि वर-खाली जाताना तो पट्टा सुटा करायचा नाही, पाठोपाठ सरकवत न्यायचा. पावसाळ्यात खोडावर शेवाळ असताना यंत्र पण सरकतं.

आता तो हार्नेस. घेऊ नकोस. लोखंडी हुक असता तर मी म्हटलं असतं नीट बघून घे, पण कापडी पट्टा आणि दोरी ह्यांचं आयुष्य डोळ्यांना दिसत नाही. बाहेर उन्हात किती वर्षं लटकली, रंगाचं थिनर किती सांडलं, गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडून होती का, कुणी कधी त्याच्यावर पडलं होतं का, हे तो माणूस तुला सांगणार नाही, खरं म्हणजे त्यालाही आठवत नसेल. बॅटरीच्या ॲसिडचा थेंब नायलॉनला आतून मारतो आणि वरून दिसत पण नाही. चांगल्या कंपन्या कापडी सामानाला अगदी न वापरता ठेवलं तरी दहा वर्षांच्या आसपास मर्यादा घालतात, रोजच्या वापरात त्याच्या कितीतरी आधी ते फेकावं लागतं. दुसरं म्हणजे रंगाऱ्याच्या हार्नेसला बहुतेक पाठीवर एक कडी असते, ती पडलास तर अडकवून धरण्यासाठी, तिला लटकून फांदीवर काम करता येत नाही, तोंड पुढे जातं आणि पाय सुटतात. तुला मांड्या आणि कमर धरणारा, कमरेच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे कडी असलेला हार्नेस लागतो. नवीन घेताना शिवलेल्या लेबलवर मानकाचा नंबर, तयार केल्याची तारीख आणि सिरियल नंबर बघ, आपल्याकडे पडण्यापासून वाचवणाऱ्या हार्नेसला आयएस ३५२१, बाहेरच्या मालावर ईएन ३६१, कमरेच्या कामाच्या बेल्टला ईएन ३५८. लेबल नाही तर दुकानातच ठेव.

निळ्या दोरीबद्दल तर आजच निर्णय घे. ती बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, उन्हाने पिठासारखी होत जाते, आणि १६५ अंशांच्या आसपास वितळते, दोरीवर दोरी घासली की तेवढी उष्णता सहज होते. सुंभ पाण्याने आतून कुजतं. ह्या दोन्ही ओंडके बांधायला वापर, माणसाला नको. माणसासाठी कमी ताणणारी, आत गाभा आणि बाहेर विणलेलं आवरण असलेली दोरी, ईएन १८९१ लिहिलेली, ११ ते १३ मिलिमीटर जाडीची. दर सकाळी ती सगळी हातातून ओढून बघायची, डोळ्यांनी नाही, बोटांनी. कुठे एकदम मऊ लागली, कुठे चपटी, कुठे वितळून कडक झाली, आवरणातून पांढरा गाभा दिसला तर कामातून बाद. गाठ मारली की दोरीची ताकद बरीच कमी होते, साधारण एक तृतीयांश ताकद जाते, म्हणून दोरी मुळातच खूप जास्त ताकदीची हवी. कॅराबिनर (दोरी अडकवायची उघडझाप होणारी कडी) स्वतःहून लॉक होणारा घे, त्याच्यावर कोरलेले आकडे वाच, लांबीच्या दिशेने तो जेवढा धरतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच आडवा धरतो, म्हणून तो फांदीच्या कडेवर आडवा पडला नाही ना ते बघायचं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनी माणसाला उचलणाऱ्या सामानाची दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासणी सक्तीची आहे, आपल्यावर कुणी सक्ती करत नाही म्हणून वहीत तारीख घालून आपणच करायची.

आणि चेनसॉ. झाडावर चेनसॉ चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असायलाच हवं, एक मुख्य दोरी आणि दुसरा आत स्टीलची वायर असलेला कमरेचा पट्टा, कारण चेन दोरीला लागली तर क्षणात तुटते, विचार करायला वेळच नसतो. एका हाताने चालवायची नाही. खरं सांगू, पहिली दोन वर्षं वर हातकरवतच ने, मनगटाएवढ्या फांद्या तिने सहज होतात, आणि चेनसॉ कुणी तरबेज माणसाकडून आधी जमिनीवर शिक. कापताना आधी खालून थोडी चीर द्यायची, मग त्याच्या पुढे वरून कापायचं, साल फाटत खाली जात नाही, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जी सुजल्यासारखी कडा असते तिच्या बाहेरून साफ करायचा, ती कडा कापायची नाही, झाडाची भिंत तिथेच उभी राहते. आपल्याकडच्या पावसात कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावतात, लाव, पण पेस्ट लावली म्हणून चुकीचा काप बरोबर होत नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर वीज खात्याने लाईन बंद केल्याशिवाय फांदीला हात नाही, ओली फांदी पण वीज आणते.

तुझा मित्र खाली असतो लिहिलंस, पण त्याला चढता येतं का? वर तू बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकून राहिलास तर नुसतं लटकणंच काही मिनिटांत जिवावर येऊ शकतं, पायात रक्त साठतं. खालच्या माणसाला तुला खाली आणता आलं पाहिजे, त्याच्याकडे दुसरी दोरी, दुसरा हार्नेस हवा, आणि ते एकदा कमी उंचीवर करून बघितलेलं हवं. १०८ ची ॲम्ब्युलन्स येईल, पण ती रस्त्यावर येईल, झाडावर नाही. सत्तरीत कितीतरी भाटांत मोबाईलला रेंज नसते, चढायच्या आधी कुठे उभं राहिलं की फोन लागतो ते बघून ठेवा.

आईबद्दल विचारलंस. तिने नवऱ्याला पन्नास-साठ फुटांवर जाताना रोज बघितलंय, ती काय म्हणतेय ते तिला माहीत आहे. काम सोड असं मी सांगणार नाही, माडावर चढणारी माणसं गोव्यात कमी होत चालली आहेत आणि ज्याला झाड पण कळतं आणि दोरी पण कळते असा माणूस तर शोधून सापडत नाही, ह्या कामाला चांगला दर मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. त्यातून आधी दोरी, हार्नेस, हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासकट, आणि अपघात विमा, विमा तुझा आणि मित्राचा दोघांचा. सामान घेतलंस की एकदा घराजवळच्या छोट्या आंब्यावर आईसमोर चढून तिला दाखव कशाला काय बांधलंय ते, आणि मित्राला तुला तिच्यासमोर खाली उतरवायला लाव.

त्या भाटकाराकडे उद्या जाशील तेव्हा दोरी घरी ठेवून जा, हातोडा आणि स्क्रूड्रायव्हर ने. अळंब्याचे तीन-चार फोटो काढ, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आणि मला पाठव.